मास्तरांचा कवा

"कवा… कवा…"

मिशनच्या बंगल्याच्या ओट्यावर याकोबमास्तर पुस्तकात डोकं घालून पुटपुटत होते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, सांगलीच्या उन्हानं अंग भाजत होतं, आणि मनू डोक्यावरचं दोराचं वेटोळं उतरवत होती. या मिशनच्या विहिरीला दोर तिच्या बापाच्या, कोंडीबाच्या हातचा. आज त्याला ताप, म्हणून लेक आली होती.

"दुसरा दोर व्हय? सांजच्याला आणते," ती म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिलं… आणि पाहतच राहिले. मग त्यांना हसू आवरेना.

"तुला नाही गं विचारलं. हा इब्री शब्द, बायबलच्या मूळ भाषेतला. यशयाच्या पुस्तकातला. अर्थ – वाट पाहणं."

मनूचंही घर ख्रिस्ती, यशया तिला ठाऊक होता. इब्री मात्र कधी कानावर पडलं नव्हतं.

"मग आमचाच की. वाट बघणारंच इचारतंय, कवा म्हणून."

"पण मुळात त्याचा अर्थ पीळ घालणं. दोर वळतात ना, तसं. देवाची वाट पाहणाऱ्याला नवं बळ येतं, असं तिथं म्हटलंय."

"दोर वळायला दोन पेड लागत्यात, मास्तर. एकट्यानं वाट बघून कसला पीळ पडतोय?"

मास्तरांचे कान लाल झाले. मनू पदर सावरत निघाली खरी, पण फाटकापाशी तिचं पाऊल उगाच अडलं.

पुढचं विचारूच नका. त्या उन्हाळ्यात त्या एका विहिरीला जेवढे दोर लागले, तेवढे साऱ्या सांगलीला लागले नसतील. कोंडीबाचा ताप कधीच उतरला होता, तरी दोर घेऊन मनूच जायची. एखादा इब्री शब्द ऐकायची, आणि परतताना मास्तरांचा आवाज मनात घोळवत यायची. जीव जडला होता, दुसरं काय.

आणि मग मास्तर एकदा म्हणाले, "मला बंगालात पाठवतायत. पाद्री व्हायचं शिक्षण… काही वर्षं तरी जातील."

इस्लामपूरचं स्थळ रविवारी मनूला बघायला येणार होतं. ते तिनं सांगून टाकलं, आणि मास्तर काय म्हणतात ते बघत उभी राहिली.

मास्तर नुसती पानं उलटत राहिले. "घर चांगलं असेल तर…"

"सगळ्या शब्दांचं अर्थ सांगता, मास्तर. तुमच्या मनातलं तेवढं सांगत न्हाई."

"कुठल्या तोंडानं सांगू, मनू? परत कधी येईन ठाऊक नाही. तुला अडकवून ठेवू?"

"मी कवाच अडकले."

त्यांनी पुस्तक मिटलं. "मग थांब माझ्यासाठी," ते म्हणाले. "तुझ्यावाचून मला करमायचं नाही गं."

"थांबते," मनू म्हणाली.

शनिवारी मास्तर गेले. मनूला घर खायला उठलं.

रविवारी सकाळी तिनं बापाला सांगितलं, "आबा, पाव्हण्यांस्नी नगं म्हणून कळवा. मी याकोबमास्तरांसाठी थांबणार हाय."

कोंडीबानं लेकीकडं पाहिलं. "आन् त्यो न्हाईच आला तर?"

"न्हाई आले तर न्हाई." तिचे डोळे भरून आले होते. "मी थांबते म्हणलंय त्यास्नी. ते आले न्हाईत म्हणून माझं म्हणणं खोटं हुतंय व्हय?"

कोंडीबानं पटका बांधला, आणि पाहुण्यांना वाटेतच गाठायला निघाला.