घेतलं म्हणेपर्यंत

पहाटेचा पाऊस नुकताच ओसरला होता. दुकानांच्या ताडपत्र्यांवरून थेंब अजून टपटपत होते, आणि त्या ओल्या शांततेत एक तीनचाकी सायकलगाडी एका अंगाला कलून उभी होती. तिचे मागचे चाक गटाराच्या फुटक्या झाकणात रुतले होते. गाडीवर अंड्यांचे ट्रे मानेइतक्या उंचीपर्यंत रचलेले, आणि त्या मनोऱ्याला दोन्ही बाहूंनी कवटाळून एक तरुण अंडेवाला उभा होता. हात सोडावेत तर अंडी जाणार, न सोडावेत तर चाक निघणार नाही. अशा विलक्षण पेचात तो सापडला असताना एक तरुणी तेथून चालली होती.

खांद्यावर पिशवी, केस घट्ट बांधलेले, तळहातांवर खडूची पांढरी पूड. व्यायामशाळेतून ती घरी निघाली होती.

"अहो, जरा कुणाला हाक मारता का?" त्याने विनवले. "दोघे-तिघे तरी लागतील."

"कशाला?"

एवढेच बोलून तिने पिशवी खाली ठेवली. पाय रोवले, कंबर खाली नेली, पाठ ताठ केली आणि गाडीची मागची कड धरली. क्षणार्धात चाक गटारातून वर आले, जणू कोणी फुलाची परडी उचलावी! अंडेवाल्याने आजवर अनेक बलवान हमाल पाहिले होते. परंतु बळ इतके सुंदर दिसू शकते, हे त्यास ठाऊक नव्हते. तिने चाक रस्त्यावर आणले आणि… सोडून दिले.

धप्प.

सर्वांत वरच्या ट्रेमधून एक पिवळा ओघळ निघाला आणि संथपणे त्याच्या बाहीवरून कोपरापर्यंत आला. दोघेही त्या ओघळाकडे पाहत राहिले.

"उचललंत मात्र झकास," तो म्हणाला. "ठेवायचं कुणी शिकवलं नाही वाटतं?"

ती साधी थट्टा होती. परंतु तिचा चेहरा एकाएकी उतरला. कारण त्याने नकळत नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

ती पॉवरलिफ्टिंगची खेळाडू होती. जमिनीवरची वजनदार दांडी उचलून ताठ उभे राहायचे, आणि मुख्य पंचांनी हात खाली आणून 'डाउन' म्हणेपर्यंत ती धरून ठेवायची, असा त्या खेळातील नियम. गेल्या वर्षीच्या निवड स्पर्धेत तिने सर्वांहून अधिक वजन उचलले होते. परंतु आनंदाच्या भरात, पंचांचा हात हलण्याआधीच, तिने दांडी खाली सोडली. पंचांचे लाल दिवे लागले, उचल बाद ठरली, आणि संघातील तिची जागा दुसरीला मिळाली. तेव्हापासून ती अधिकाधिक वजन उचलत होती, आणि अजूनही वेळेआधी सोडत होती.

"फुटलेली सगळी मी घेते," ती पुटपुटली.

"फुटकी अंडी घेऊन करणार काय?"

"खाणार."

"एवढी? घरात माणसं किती आहेत?"

"माणसं दोन. खाणारी मी एकटी."

तो हसला. मग तीही हसली, आणि ताडपत्रीवरचा एक टपोरा थेंब नेमका त्याच्या नाकावर पडला.

त्यानंतर ती त्याचीच गिऱ्हाईक झाली. व्यायामशाळेतून परतताना ती त्याच्या दुकानाशी थांबे. तिच्या आहाराची चौकशी करणे हा त्याच्या व्यवसायाचाच भाग आहे, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती.

"पांढरं तेवढं खाऊन पिवळं टाकून देता का हो? बरेच पहिलवान टाकतात म्हणे."

"सोनं कुणी टाकतं का?"

"आणि अंड्यांच्या जोडीला?"

"दही, भात, केळी, उकडलेले बटाटे. स्पर्धा जवळ आली की भात कमी. माझ्या वजनगटाच्या वर काटा जाता कामा नये."

"म्हणजे खायचं पोटभर आणि वाढायचं नाही. हे तर दांडी उचलण्यापेक्षा अवघड."

"आणि तुमची बडबड ऐकत उपाशी उभं राहायचं, ते त्याहून अवघड. द्या लवकर."

त्याने ट्रे पुढे केला. तिने तो दोन्ही बाजूंनी धरला. परंतु तो काही सोडीना. दोघांच्या चार हातांमध्ये तीस अंडी, आणि अंड्यांवरून एकमेकांत अडकलेली दृष्टी…

"सोडा ना," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही 'घेतलं' म्हणाला नाहीत."

"म्हणजे?"

"आमच्या धंद्यातली रीत आहे ही. समोरचा 'घेतलं' म्हणत नाही तोवर देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. समोरच्याच्या हातात ट्रे दिसतो, पण भार नीट पेललाय की नाही हे त्याचं त्यालाच कळतं. आपल्याला वाटून उपयोग नाही."

हीच गोष्ट प्रशिक्षक सरांनी तिला नाना परींनी सांगितली होती, ओरडूनही सांगितली होती. ती डोक्यात शिरली होती. हातांत मात्र कधीच उतरली नव्हती.

"घेतलं," ती म्हणाली.

त्याने हात सोडले. मात्र थोडे रेंगाळत.

दुसऱ्या दिवसापासून ती सराव म्हणून त्याच्या दुकानी येणाऱ्या टेम्पोतून अंडी उतरवू लागली. ती वर उभी राहून ट्रे द्यायची, तो खाली घ्यायचा. आरंभी तिचे हात सवयीने सुटत, आणि तो धडपडत झेलत असे. कधी मुद्दाम 'घेतलं' म्हणायला उशीर लावी.

"बोला ना आता. हात भरून आले."

"थांबा, विचार करतोय."

"कसला?"

"तुमच्या कपाळावर पीस चिकटलंय. सांगावं की न सांगावं?"

तिचे वडील शिंपी होते. मुलीचे दंड भरत गेले तशा तिच्या कुडत्याच्या बाह्या ते उसवून सैल करीत आले होते. एके संध्याकाळी तिची बाही उजेडात धरून ते म्हणाले, "पोरी, हल्ली इथे पिवळे डाग पडतात."

"अंड्याचे आहेत, बाबा."

"ते दिसतंय गं. पण अंडी इतक्या जवळून घ्यावी लागतात होय?"

बाबांनी सुईत दोरा ओवला आणि आपले हसू मशीनकडे वळवले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अंडेवाल्याने दाढी केली होती, आणि शर्ट इस्त्रीचा होता.

"मला तुम्हाला एक… म्हणजे बरेच दिवस… मनात होतं की…"

काय येणार हे तिला उमगले होते, आणि ते ऐकण्याची ओढही होती. तरी ती म्हणाली, "आज नको. उद्याच्या वजनावर आणखी वजन नको."

त्याने मान डोलावली. "बरं. धरून ठेवतो."

स्पर्धेच्या सभागृहात खडूची पूड धुक्यासारखी तरंगत होती. प्रत्येकीला तीनच संधी असत. पहिली तिने सहज पार पाडली. संघात जागा मिळवण्यासाठी आता एकशे पंचेचाळीस किलो हवे होते. दुसऱ्या संधीला दांडी उठली, ती ताठ उभी राहिली, आणि पंचांचा हात हलायच्या निमिषभर आधी दांडी कोसळली. लाल दिवे.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, उचललं होतंस ना. घाई कुठं होती?"

आता एकच संधी उरली. फसली तर पुन्हा वर्षभर वाट पाहणे आले. ती दांडीजवळ आली. सहज तिची दृष्टी प्रेक्षकांकडे गेली. सारे टाळ्या वाजवीत होते, तिचे बाबाही. एकटा अंडेवाला निश्चल उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे पसरले होते, जणू टेम्पोखाली उभा राहून तो ट्रेची वाट पाहत होता. शेजारचे लोक त्यास वेडा समजत होते, आणि त्याला त्याची यत्किंचितही पर्वा नव्हती.

तिने श्वास भरला. दांडी जमीन सोडून पोटऱ्यांवरून, गुडघ्यांवरून वर सरकली. ती ताठ झाली. पंचांचा हात अजून वरच होता. बोटे सुटू पाहत होती. हातात भार होता, समोर पसरलेले दोन हात होते… अजून नाही. अजून नाही…

"डाउन!"

हात खाली आला. तिने दांडी टेकवली, इतकी अलगद की आवाजही फारसा झाला नाही. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे लागले.

"निवड झाली गं तुझी," सर डोळे पुसत म्हणाले. "पण ठेवलीस किती हळू! खाली अंडी होती काय?"

"होती, सर," ती म्हणाली.

बाबा पेढीवर बसल्यासारखे ऐटीत सरांशी गप्पा मारू लागले, आणि तिला बाहेर जाण्यास मोकळीक मिळाली. फाटकाशी रिकामी सायकलगाडी होती, आणि तिच्याजवळ तो.

"आता बोला," ती म्हणाली.

"काय?"

"कालपासून धरून ठेवलंय ते."

तो कितीतरी वेळ गाडीच्या घंटीशी चाळा करीत राहिला. "मला… रोज सकाळी तुम्ही हव्यात. गाडी रुतली नसली तरी. टेम्पो आला नसला तरी." त्याने मान वर केली. "आयुष्यभर. बस्स, एवढंच होतं."

खडूने माखलेला, घट्टे पडलेला आपला उजवा हात तिने त्याच्या हातात ठेवला. इतका अलगद, की अंडेवाल्यालाही काही शिकण्यासारखे होते. आणि ती थांबली.

"म्हण ना," ती कुजबुजली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघाले होते.

"काय म्हणू?"

"घेतलं म्हण."

त्याने तिच्या हाताभोवती बोटे मिटली आणि मान हलवली. "मुळीच नाही. म्हटलं की तू सोडशील."

मग ती गाडी दोघांनी एकेका हाताने ढकलत नेली. रस्ताभर ती वाकडीतिकडी चालली, दोनदा पदपथावर चढली, आणि मागून येणारे बाबा "अरे, सरळ चाला की," असे ओरडत राहिले. तो शब्द मात्र त्याने अद्याप उच्चारलेला नाही.