तबकडीवरची बोटं

पहिली टोपली

नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे दुपारी चारलाच अंधार पडतो, म्हणून बुधवारचा डिस्क गोल्फ आम्ही चमकणाऱ्या तबकड्यांनी खेळतो. शाळेमागचं रान तळ्यापर्यंत उतरत जातं. पाइन, बर्च, आणि मधूनमधून साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपल्या. तबकडी शेवाळावर ठेवायची, जांभळ्या प्रकाशाची टॉर्च जवळ धरून तिच्यावर गोल गोल फिरवायची. टॉर्च विझवली की अशी चार्ज झालेली तबकडी हिरवी दिसायला लागते. मग टोपलीत पडेल अशी फेकायची.

हातात धरून चार्ज करायची नाही. जिथे बोट असतं तिथे प्रकाश पोचत नाही, आणि तेवढा भाग काळा राहतो. नवखे ही चूक हमखास करतात. मग आमच्या गटातला राइमो त्यांना चौकीत आणल्यासारखं उभं करतो आणि सगळ्यांसमोर बोटं दाखवायला लावतो.

माझा नवरा आर्वो नवखा नाही. आमच्या लग्नाआधीपासून खेळतोय.

हेल्का नवखी. यंदाच वाचनालयात नोकरीला आली, आणि येताना चार्जिंगची नवीकोरी टॉर्च घेऊन आली. थंडीत अशा टॉर्चचा जीव लगेच जातो. अंगाजवळ ठेवावी लागते.

"तुझ्या कोटात राहू दे रे," ती आर्वोला म्हणाली. "माझ्याकडे गारठते. तू म्हणजे सौनाची भट्टी आहेस नुसता."

"केर्तू, ऐकतेयस ना?" राइमो म्हणाला. "भट्टी म्हणे!"

"ऐकतेय," मी म्हणाले. "घरी विझलेली असते."

सगळे हसले. आर्वोने टॉर्च आतल्या खिशात टाकली आणि वरून चेन ओढली.

तिसरी टोपली

त्याची तबकडी माझ्या पायाजवळ पडली होती. मी उचलून द्यायला वाकले. कडेला चार काळे ठिपके होते, ओळीने.

"कोणी धरली होती?"

"काय?"

"तबकडी. चार्ज करताना."

"कोणी नाही. शेवाळावर होती."

"मग ही बोटं?"

त्याने पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "ओली पानं चिकटली असतील," तो म्हणाला आणि माझ्या हातातून घेतली. हळूच घेतली, काठोकाठ भरलेला कप घ्यावा तशी.

चौथी टोपली

इथे मी हेल्कावरची नजर काढली नाही.

सहावी टोपली

आता पंजा होता. तळहात, अंगठा, लांब बोटं. हिरव्या उजेडात काळा, कडा अगदी स्पष्ट.

मी लक्ष ठेवून होते. आर्वो एकटा, खडकाच्या आडोशाला गुडघ्यावर बसला होता. हेल्का माझ्याच शेजारी थर्मासमधून कॉफी ओतत होती. तरीही मी म्हणाले, "हेल्का, हात दाखव."

"ज्योतिष बघतेस?"

"दाखव ना."

तिने हातमोजा काढला. आखूड, गुबगुबीत बोटं, कुरतडलेली नखं. "अशी बघू नकोस गं, लहानपणापासूनची सवय आहे," ती म्हणाली.

तिचा हात त्या पंजात दोनदा मावला असता. आमच्यातल्या कोणाचीच बोटं एवढी लांब नव्हती. तबकडीच्या एका कडेपासून निघून दुसऱ्या कडेवरून खाली वळलेली.

राइमो वाकून म्हणाला, "अरे, हे काय? आर्वो, पियानो वाजवणारी ठेवलीयस की काय?"

आर्वो हसला नाही.

नववी

मला भीती वाटायला हवी होती. हेल्काचा काही संबंध नाही हे कळल्यावर थोडं बरंही वाटायला हवं होतं. तसं काहीच झालं नाही. हेल्कावरचा राग गेला आणि ज्या जागी तो होता तिथे जास्त मोठं काहीतरी येऊन बसलं. हेल्काशी भांडता आलं असतं. तिचे केस, तिचं हसणं, तिची कॉफी, नावं ठेवायला पुष्कळ काही होतं.

आर्वो आता आमच्याकडे पाठ करून चार्ज करत होता. टॉर्च विझवल्यावर लगेच उठत नव्हता. तबकडीवर वाकून थांबत होता. एकदा काहीतरी पुटपुटला. मी ऐकलं नाही.

नाही. ऐकलं. तो म्हणाला, "गार झालेत का?"

माझे हात गार झालेत का, हे त्याने शेवटचं कधी विचारलं होतं ते मला आठवेना. तो मला परत हवा होता. एवढंच. रानात जे काही होतं ते राहू दे, पण माझा नवरा त्याने सोडावा.

दहावी, अकरावी

दोन पंजे. मग दोन्ही पंजे एकमेकांवर, झाकल्यासारखे.

त्याची फेक इतकी सुंदर कधीच गेली नव्हती. प्रत्येक वेळी साखळ्या वाजत होत्या.

बारावी टोपली

तळ्याच्या काठाला. हेल्काची तबकडी लव्हाळ्यात गेली आणि सगळे शोधायला उतरले. खालच्या ओट्यावर राइमोने आधीच शेकोटी पेटवून सॉसेज ठेवले होते, त्यांचा वास वर येत होता.

"टॉर्च दे," मी आर्वोला म्हणाले.

"कशाला?"

"तुझी तबकडी मी चार्ज करते."

"मी करतो की."

"दे, आर्वो."

त्याने चेन उघडली. टॉर्च ऊबदार होती. तबकडी द्यायला त्याने आणखी वेळ लावला. मग खाली गेला, दोनदा मागे बघत.

मी हातमोजा काढला. तबकडी शेवाळावर ठेवली आणि तिच्यावर माझा उजवा पंजा दाबला, बोटं फाकवून, पूर्ण जोर देऊन. माझ्या अनामिकेला बाक आहे, लहानपणी दारात सापडली होती. आर्वोला ते बोट अंधारातही ओळखता येईल. त्याच्या तबकडीवर आज माझा हात राहणार होता.

मी टॉर्च लावली. गोल गोल फिरवली. गरजेपेक्षा जास्त वेळ.

मग विझवली.

हात उचलला.

माझा पंजा होता. वाकडी अनामिका होती.

माझ्या प्रत्येक दोन बोटांच्या मधल्या फटीत आणखी एक बोट होतं.

वरून गुंफलेली. लांब. त्यांची टोकं माझ्या बोटांच्याही पुढे, तबकडीच्या कडेपर्यंत गेली होती.

मला काहीच जाणवलं नव्हतं. म्हणजे दुखलं नव्हतं. थोडी ऊब, एवढंच. मी तशीच बसून राहिले. उजेड हळूहळू मंद होत गेला तशी मी तबकडी डोळ्यांजवळ आणत गेले.

फांद्या मोडल्या. आर्वो चढून येत होता. मी तबकडी कोटाखाली सारली.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"दाखव, केर्तू."

"चार्ज नाही झाली नीट."

तो माझ्यासमोर उभा राहिला. धाप लागली होती, पण आवाज अगदी खाली. "इथे कोण होतं तुझ्याबरोबर?"

संध्याकाळभर मला हेच ऐकायचं होतं, असा आवाज, माझ्यासाठी. आणि आता तो पोचत नव्हता. मला फक्त त्याने खाली जावं असं वाटत होतं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"अहो नवराबायको!" खालून राइमो ओरडला. "सॉसेजचा कोळसा होतोय!"

आर्वो हलला नाही. मीच उठले. उजव्या हातावर हातमोजा चढवायला लागले. हा आर्वोचा जुना, मला नेहमी ढगळ होणारा.

आज तो बोटांच्या फटींत घट्ट होत होता.