कोरी बशी

प्रयोगशाळेत परीक्षकांना पाठीमागे सगळे 'दोनबशे' म्हणत. मृताच्या पोटातला द्रव तपासताना ते शेजारी दुसरी बशी मांडत, नुसत्या शुद्ध पाण्याची. दोन्हींना तेच ईथर, तीच आच, तेवढाच वेळ. पहिलीत झोपेच्या औषधाचे स्फटिक उतरले आणि पाण्याची बशी कोरी राहिली, तरच विष खरं. नाहीतर दोष आपल्याच भांड्यांचा. कोरी राहिली की अहवालात लिहायचं, 'निरंक'.

त्या सकाळी एका मृत विधवेच्या पोटातल्या द्रवाची बरणी आली होती. विष दिल्याच्या आरोपावरून तिची नर्स कोठडीत होती आणि त्या नर्सची मान या अहवालावर अडकली होती.

विधवेच्या बशीत स्फटिकांच्या पांढऱ्या सुया उतरल्या. पाण्याच्या बशीतही उतरल्या.

"काका, ही बशी कुणी धुतली?"

"मीच की," बाटल्या धुणारे काका म्हणाले. तीस वर्षं ते हेच काम करत होते. "लख्ख होती साहेब. तोंड बघून घ्यावं अशी."

परीक्षकांनी नवी बशी घेतली, ईथरची सीलबंद बाटली फोडली, पाणी स्वतः उकळून थेंब थेंब गाळलं. पुन्हा सुया. गुरूंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी एक कण जिभेच्या टोकाला लावला. कडू. तापवला, तर झोपेचं औषध वितळतं त्याच अंशावर वितळला.

"आता पाण्यालाच बेड्या घाला म्हणजे झालं!" काका हसले. परीक्षकांचं तोंड पाहून मोरीकडे वळले.

पाण्यातले स्फटिक तराजूत घातले. एकोणीस मिलिग्रॅम. तिसऱ्या खेपेला पुन्हा एकोणीस.

हा आकडा परीक्षक विसरणं शक्यच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका स्वयंपाकिणीच्या खटल्यात मालकिणीच्या पोटात एवढंच औषध सापडलं होतं. त्या दिवशी घरी लेक तापाने फणफणली होती. घाईत त्यांनी एकच बशी मांडली आणि पाण्याची दुसरी न मांडताच तिच्या नावापुढे 'निरंक' लिहून टाकलं. कोर्टात ती बाई न्यायाधीशांकडे न बघता त्यांच्याकडे बघून म्हणाली होती, "साहेब, नुसतं पाणीच दिलं होतं मी." तिला फाशी झाली. एका बशीची गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

आज खरं लिहिलं, तर नर्सचा जीव वाचेल. पण वकील विचारतील, तुमच्या पाण्यात विष कधीपासून? जुनी कागदपत्रं निघतील. परीक्षकांनी टाक दौतीत बुडवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

'कोरी बशी : निरंक.'

हात जराही कापला नाही, याचीच त्यांना लाज वाटली.

दुपारी ते घरी आले.

"आज लवकर? चेहरा किती उतरलाय तुमचा!" बायकोने माठातून पाण्याचा पेला भरून दिला.

ते घटाघट प्यायले. मग जीभ टाळूला लावून थांबले.

"पाणी कडू आहे."

तिने त्याच माठातलं दुसऱ्या पेल्यात घेऊन चाखलं. "काहीतरीच तुमचं! गोड तर आहे."

ते खुर्चीत टेकले. पापण्या जड झाल्या. घड्याळाची टिकटिक शेजारच्या घरातून यावी तशी येऊ लागली.

अहवाल परत मागवायला हवा. नर्सचं सांगायला हवं. त्यांनी तोंड उघडलं, पण जीभ वळेना.

बायको पेला उचलायला आली. खिडकीच्या उजेडात तिने तो तिरपा धरला.

"अहो, नुसतं पाणीच दिलं होतं मी. तळाशी ही साखर कसली?"