कोमट

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत टाकीचं पाणी कडकडीत ठेवायचं काम एका कंट्रोलरकडे होतं. जाडजूड पुस्तकाएवढा तो डबा टाकीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत बसवला होता, आणि बसवला होता तिनेच; असे कंट्रोलर बसवून देणं हा तिचा व्यवसाय. त्याच्या पोटातच एक छोटा वेब सर्व्हर होता. लाँड्रीच्या वायफायवर फोनमध्ये पत्ता टाकला की कंट्रोलरचं पान उघडायचं. त्यावर टाकीचं तापमान दिसे, ते बदलायचा चौकोन असे, आणि वरच्या कोपऱ्यात हे पान आत्ता किती जण बघताहेत तो आकडा. बसल्या जागी सगळं कळतं म्हणून मॅनेजर त्या पानावर बेहद्द खूश होता.

आता नव्हता. दुपार झाली की कोणीतरी पाणी कोमट करून ठेवत होतं. चादरी निर्जंतुक होत नव्हत्या, हॉस्पिटल गाड्या परत पाठवत होतं. पासवर्ड ठाऊक होता मॅनेजरला आणि टाकी सांभाळणाऱ्या ऑपरेटरला. ऑपरेटर म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याला इथे चिकटवलं होतं तेही तिनेच.

"तुमच्या घरचा माणूस, म्हणून आधी तुम्हाला बोलावलं," मॅनेजर म्हणाला. "पण आज सोक्षमोक्ष लावा. नाहीतर मला त्याला घरी बसवावं लागेल."

टाकीच्या खोलीत दमट उकाडा होता. भिंतीपलीकडून धुण्याच्या यंत्रांची धडधड येत होती. तिला बघून दीर उठून उभा राहिला.

"वहिनी, मी त्या आकड्याला हात लावलेला नाही."

"मग कोण लावतं?"

तो कान खाजवत भिंतीकडे बघत राहिला. लग्न होऊन घरात आल्यापासून ती त्याला ओळखत होती. काही लपवायचं असलं की तो असाच कान खाजवायचा.

"भाऊजी, तुमचा फोन द्या."

एरवी ती त्याला 'तू' म्हणायची. ते 'तुम्ही' दोघांनाही टोचलं. त्याने मुकाट्याने फोन टेबलावर ठेवला. तिने मॅनेजरचाही मागून घेतला, तो त्याने कुरकुरत दिला.

तिने पासवर्ड बदलला आणि लॅपटॉपवर पान उघडलं. कोपऱ्यात आकडा होता दोन.

तिने कंट्रोलर वायफायपासून तोडला आणि एक केबल सरळ त्याच्यातून लॅपटॉपमध्ये खोचली. आता बाहेरच्या जगाशी त्याचा काही संबंध उरला नव्हता.

दोन.

आणि तिघांच्या डोळ्यांदेखत चौकोनातला आकडा पुसला गेला. आधी एक अंक, मग दुसरा. त्या जागी नवे अंक उमटले, सवय नसलेल्या बोटांनी चाचपडत टाइप करावेत तसे. सदतीस.

मॅनेजरने दोन्ही फोनांकडे पाहिलं, मग दिराच्या रिकाम्या हातांकडे. "ह्याचा हात नाही तर," तो म्हणाला. "तो डबा बदलून टाका. तोवर हाताने चालवा, चादरी खोळंबल्यात." आपला फोन उचलून तो जरा घाईनेच बाहेर पडला.

दिराची नोकरी वाचली होती. तिला त्याच्याकडे बघवेना. तरीही ते कान खाजवणं मनातून जाईना.

"तू काय लपवतोयस?" तिने विचारलं.

"पहिल्यांदा पाणी कोमट झालं तेव्हा मी आकडा परत वाढवला होता," तो हळू म्हणाला. "पाणी तापायला लागलं तसं आतून कोणीतरी टाकीवर थापा मारायला लागलं. पुन्हा काही मी वाढवला नाही. तुम्हाला काय सांगणार होतो, वहिनी?"

"पाइप तापले की वाजतात."

"एवढी वर्षं पाइपच ऐकतोय मी."

तिने केबल जोडलेल्या लॅपटॉपवर त्या 'दोन'वर टिचकी मारून जोडलेल्यांची यादी उघडली. पहिल्या ओळीत ती होती, दुसऱ्या ओळीत नावाची जागा कोरी होती आणि पुढे 'बाहेर काढा' असं बटण होतं. तिने ते दाबलं.

तिचंच पान बंद झालं.

कंट्रोलरच्या अंगावरच्या बोटभर पडद्यावर अक्षरं आली, 'जोडलेले: एक'.

तिने केबल उपसून काढली.

एक.

तिने पेटीतली कळ फिरवून टाकी कंट्रोलरकडून काढली; आता हीटर हातानेच चालणार होता. "दोन्ही व्हॉल्व्ह बंद कर. आत थेंब यायला नको, बाहेर जायला नको."

दिराने दोन्ही चक्रं घट्ट आवळली. टाकीचं झाकण बोल्ट मारून बंद होतं. बाजूच्या काचेच्या नळीत आतल्या पाण्याची पातळी दिसत होती, निश्चल. दिराने टाकीच्या पत्र्याला तळवा लावला.

"कोमट आहे," तो म्हणाला. "अंगाला सोसेल असं."

तिने हीटरच्या बटणावर बोट ठेवलं.

नळीतलं पाणी वीतभर वर चढलं. जरा हिंदकळलं. आणि तिथेच थांबलं.

दोघं नळीकडे बघत राहिले. भिंतीपलीकडची यंत्रं केव्हा थांबली ते कळलं नव्हतं.

"आता नका तापवू, वहिनी," दीर कुजबुजला. "आत कोणीतरी उतरलंय."