भरल्या ड्रमची ओढ

"यंत्र घ्यावं की नाही, तेवढंच सांगा," बाई म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

तपासनिसांनी चष्मा वर केला. त्यांचे जुने स्नेही मास्तर कोपऱ्यात चहा पीत होते. गणित शिकवण्यात मास्तरांची हयात गेली होती, पण तपासात त्यांची ट्यूब उशिराच पेटायची.

"कसलं यंत्र?"

"तोडलेले ओंडके तारेच्या दोराने डोंगर चढवणारं. मनोरा असतो त्याला. आठ महिन्यांपूर्वी तो मनोरा पडला. खाली हे होते." तिचा आवाज जराही हलला नाही. "आता ह्यांच्याबरोबर कामाला असलेले दीर तेच यंत्र जुन्यात घेतायत; हल्ली मुलीला शाळेतूनही तेच आणतात. पैसे ह्यांच्या नावचे, म्हणून माझी सही हवीय. सगळे म्हणतात, ह्यांनीच हावरटपणाने जास्त वजन ओढलं. तसं असेल तर यंत्राचा काय दोष, मी सही करते. नसेल तर मला कळायला हवं. मला अजून रडूसुद्धा आलेलं नाही."

मास्तरांचा चहा निवून गेला. असं कोरडं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"कामात कसे होते ते?"

"काटेकोर. यंत्र हलवायचं झालं की मनोऱ्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारे चार दोर स्वतः गुंडाळायचे, टोकांना घरातल्या जुन्या चादरीच्या चिंध्या बांधायचे. नव्या जागी दोर ताणताना सोडलेल्या चिंध्या संध्याकाळी गोळा करून घरी आणायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई, दीर, यंत्राचा मालक आणि एक मिस्त्री असे सगळे यंत्राच्या आवारात जमले. अपघातापासून फाटकाला मालकाचं कुलूप होतं. मास्तरांनी यंत्राच्या चाकाला लाथ मारून पाहिली. "रंग छान आहे," ते म्हणाले.

"आठ टनांची ताकद!" मालक म्हणाला. "त्याने बारा टन ओढायला घेतलं. अति तिथे माती."

"ओंडके तेव्हा कुठवर आले होते?"

"अगदी वर. मनोऱ्यापासून दहा पावलांवर."

तपासनीस मिस्त्रीकडे वळले. तो काजळलेल्या हातांनी इंजिनाचं झाकण उघडत होता.

"आठ टन खरे?"

"ओढायचा दोर ज्यावर गुंडाळतो तो ड्रम रिकामा असताना खरे. दोर गुंडाळत जाईल तसा ड्रम जाडा होतो आणि ओढ कमी होते. भरत आला की चार टनसुद्धा नाही. जास्त वजन लावलं तर इंजिन गप्प बसतं. विकणारा रिकाम्या ड्रमचा आकडा सांगतो, काम भरल्या ड्रमवर होतं." मिस्त्रीने दिराकडे पाहिलं. "इंजिन चालू करून दाखवू?"

"नको," दीर म्हणाला. "कधी नेता येईल, तेवढं सांगा."

"मनोऱ्याचे दोर खुंटांना कोणी बांधले होते?" तपासनिसांनी विचारलं.

"मीच. चारही. ते माझंच काम," दीर म्हणाला.

तपासनीस यंत्रामागे गेले. मास्तरही गेले. तिथे चार दोरांच्या चार चकऱ्या होत्या. तिन्हींवर चिखल वाळलेला, दोर कसाबसा गुंडाळलेला. चौथीवरचा नीट, थरावर थर. टोकाला मळकी चिंधी. मास्तरांनी नाक मुरडलं.

तपासनीस परत आले आणि सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

"बाई, तुमच्या यजमानांनी जास्त वजन ओढलं नाही. बारा टन त्या जागेपर्यंत आलेच नसते. तिथे ड्रम जवळजवळ भरलेला होता, यंत्राला चार टनही झेपत नव्हते. आणि चार दोर ताणलेला मनोरा तेवढ्याने पडत नाही."

"मग पडला कसा?" मास्तर म्हणाले.

"चार दोर नव्हतेच, मास्तर. तीन होते. चौथ्याच्या टोकाला अजून चिंधी आहे. ती फक्त तेच बांधायचे आणि दोर ताणताना ती सोडावीच लागते. अपघातानंतर ती बांधायला ते नव्हते. म्हणजे तो दोर त्या जागी उलगडलाच नाही."

मालकाने पडलेले दोर क्रेनने गोळा करवले होते, पण मोजले नव्हते.

"जुनं यंत्र घेणारा माणूस दहा प्रश्न विचारतो," तपासनीस दिराला म्हणाले. "किती ओढतं, दोर किती जुना, क्लच घसरतो का. तुम्ही इंजिनाचा आवाजसुद्धा ऐकला नाहीत. तुम्हाला ते चालवायचं नव्हतं. कुणी दोर मोजायच्या आत तोडून भंगारात घालायचं होतं."

दीर बाईकडे वळला.

"चौथा खुंट ओढ्यापलीकडे होता," तो म्हणाला. "जायचा कंटाळा आला, वहिनी. वाटलं, एका दिवसाने काय होतंय."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मास्तरांना वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही.

"ह्यांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"हो. सकाळी डोंगर चढताना विचारलं. चारही बांधलेस ना, म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"बांधले म्हणालो. दादाचा माझ्यावर विश्वास होता."

"म्हणजे विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा हलला.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊजी, उद्यापासून मुलीला शाळेतून आणायला मी जाईन. तुम्ही येऊ नका."