उटीच्या गाडीची दोन तिकिटं

सुनीतीला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा तिला त्याचा रागच आला होता.

मार्चची अखेर होती. रायपूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीसमोर ती सकाळी सहापासून रांगेत पहिली उभी होती, आणि मागचा उंच, निळ्या शर्टातला मुलगा खुशाल तिच्या खांद्यावरून वाकून तिच्या हातातला फॉर्म वाचत होता.

"आप भी मेट्टुपालयम?" त्यानं विचारलं. "उटीवाली? फर्स्ट क्लास?"

तिनं फॉर्म छातीशी धरला. मेट्टुपालयमहून उटीला चढणाऱ्या त्या डोंगरातल्या जुन्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी, बरोबर आठ वाजता उघडतं. पहिल्या वर्गाच्या जागा मोजक्याच, आणि देशभर लोक फोन हातात घेऊन टपलेले. आठ वाजले. खिडकीतल्या बाबूनं कीबोर्डवर बोटं आपटली, तिची दोन तिकिटं निघाली, आणि तिच्या मागच्याला मिळाली ती वेटिंग – एक आणि दोन.

"मतलब आप कैन्सिल करें, तो हम जाएँ," तो हसून म्हणाला.

"मी कॅन्सल करणार नाही," ती मराठीतच म्हणाली.

तो एकदम थांबला. मग कळलं, तो तात्यापारा मोहल्ल्यातला. भोसल्यांच्या काळात रायपूरला येऊन राहिलेल्या घरांपैकी एका घरातला. नाव शिशिर. मराठी सगळी समजायची, पण उत्तर मात्र हिंदीतच यायचं. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कुठली गाडी कुठं पोहोचली ते बघायचं त्याचं काम. लग्नानंतर उटीला नेईन असं त्याच्या वडिलांनी आईला कबूल केलं होतं, ते राहूनच गेलं आणि वडीलही गेले. आता तो आईला, रमाबाईंना, घेऊन जाणार होता.

सुनीतीचं कारण वेगळं होतं. तिचे वडील, श्यामराव, मूळचे गोंदियाकडचे. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली, रूळ त्यांनी कायम मागं पळतानाच पाहिले. उटीच्या गाडीत इंजिन मागून ढकलतं आणि पहिल्या वर्गाचा डबा सगळ्यांत पुढं असतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. एकदा जेवताना म्हणाले, त्या डब्यात एकदा बसून पाहायचं होतं. सुनीतीची आई विमलाबाई वारल्यापासून त्यांनी तोंडानं काही मागितलं असेल तर एवढंच.

वेटिंग सरकली तर सांगायला हवं, या निमित्तानं नंबर घेतले गेले. पहिल्याच रविवारी फोन आला.

"कैन्सिल तो नहीं कर रहीं न?"

"नाही. तुमची वेटिंग हलली?"

"वो भी नहीं हिली... मैं भी नहीं हिला."

सुनीतीला हसू आलं आणि ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं फोन कानापासून दूर धरला. मराठी येत असून हिंदीत काहून बोलता, असं तिनं विचारलं. बोलायला गेलो की आईच हसते, असं तो ओशाळून म्हणाला. मग तिनं अट घातली – पुढचा फोन मराठीत, नाहीतर उचलणार नाही. पुढच्या रविवारी त्यानं एकेक शब्द जपून ठेवत विचारलं, "तुम्ही... कॅन्सल करून राहिले का?" आणि ती इतकी हसली की आतून श्यामरावांनी कोण आहे म्हणून विचारलं. ऑफिसमधली मैत्रीण, असं तिनं सांगितलं. का सांगितलं, तिलाही कळलं नाही.

आठवड्याचा एक फोन रोजचा झाला. कोरब्याहून येणारी गाडी रायपूरवरून थेट कोइम्बतूरला नेते, तीच दोघांनी घेतली. मेट्टुपालयमला आदल्या दिवशी पोहोचायचं, स्टेशनजवळच उतरायचं, पहाटे डब्याशी आधी जाऊन थांबायचं. तो नकाशे पाठवायचा, ती चुका काढायची. चर्चा जागांची असायची, पण बोलणं कुठल्या कुठं जायचं. त्याचं मराठी रोज एक पाऊल पुढं यायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणीच मोजलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ते गोल बाजारात स्वेटर घ्यायला गेले. रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, आणि हे दोघं स्वेटर मागताहेत. दुकानदारानं त्यांच्याकडे संशयानं बघत वरच्या फळीवरचे गठ्ठे खाली काढले. शिशिरनं एक कानटोपी डोक्यात घातली, हनुवटीखाली नाडी बांधली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कसा दिसतो?"

"आजारी दिसतोस," ती म्हणाली.

नाडीची गाठ बसली. त्याच्यानं सुटेना. तिनं पुढं होऊन बोटांनी ती सोडवायला घेतली... त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता, आणि त्यानं डोळे मिटून घेतले होते. गाठ केव्हाच सुटली होती. तिचे हात मात्र क्षणभर तिथंच राहिले.

बाहेर येऊन उसाचा रस पिताना त्यानं सांगितलं, कोइम्बतूरला नवी नोकरी मिळाली आहे, एक जूनपासून. फिरणं झालं की तो तिथंच थांबणार, आई सध्या मावशीकडे राहणार. सुनीतीनं ग्लास खाली ठेवला.

"त्याआधी तुला एक विचारायचं आहे," तो म्हणाला. "पण वाटेत, कुन्नूरला विचारतो. तिथं गाडी बराच वेळ थांबते. थंडी असेल. इथं घामात नको."

ती नुसती लाजली. तेव्हाच, त्या रसाच्या गाड्यापाशीच, विचार ना म्हटलं असतं तर – पुढं वर्षभर हे वाक्य तिनं मनात किती वेळा म्हटलं असेल. पण तेव्हा तिला वाटलं, वेळ आहे. आणि खरं सांगायचं तर, वेळ आहे याचं तिला बरंही वाटलं. त्यानं विचारलं तर उत्तर द्यावं लागणार होतं. ती कोइम्बतूरला गेली, तर इथं श्यामरावांजवळ कोण? भाऊ सुशील गोंदियाला, बायको-मुलांत. श्यामराव स्वतः उठून कधी चहासुद्धा करत नसत. त्यांना शिशिरबद्दल सांगायचं ती रोज ठरवत होती आणि रोज टाळत होती.

जायला बारा दिवस उरले असताना श्यामरावांना जिना चढताना धाप लागली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण डोंगरावर जायचं नाही, दोन महिने विश्रांती घ्यायची. श्यामराव एवढंच म्हणाले, "राहू दे, पुढच्या वर्षी पाहू." त्याच दुपारी सुनीतीनं दोन्ही तिकिटं रद्द केली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण त्या वाइटाच्या खाली कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते तिनं स्वतःलाही कबूल केलं नाही. शिशिरला तिनं कळवलं नाही. उद्या सांगू, म्हणाली.

तिला सांगावंच लागलं नाही. संध्याकाळी शिशिरच्या फोनवर नजर पडून रमाबाई आनंदानं ओरडल्या म्हणून त्यानं तो बघितला, तर संदेश आला होता – दोन्ही जागा पक्क्या. वेटिंग एक आणि दोन पक्की होते याचा अर्थ काय, ते त्याला आईला समजावून सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो स्कूटरवर भनपुरीहून तिच्या ऑफिसच्या फाटकाशी आला. ती जिल्हा पंचायतीत कारकून होती. फाटकाशी कडुनिंब होता, त्याची सावली झाडाच्या बुंध्यापुरतीच उरली होती. तिनं बाबांचं सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकलं, औषधं विचारली. मला काल का नाही सांगितलं, हे मात्र विचारलं नाही.

"मी थांबू का?" तो म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून एकही हिंदी शब्द आला नाही. "नोकरीचं बोलतो मी त्यांच्याशी. महिना, दोन महिने. बाबांना बरं वाटू दे. मग बसून बोलू. मी थांबू का, सुनीती?"

गरम वाऱ्यानं तिची ओढणी तोंडावर आली. ती बाजूला करायला तिनं जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"नको," ती म्हणाली. "आईला घेऊन जा. बाबांना सोडून मला कुठं येता येणार नाही. आता नाही... नंतरही नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर खाली केली. तिनं वर पाहिलं असतं तर तो गेला नसता, हे तिला ठाऊक होतं.

"हव," मान डोलावून शेवटी तो म्हणाला, आणि हेल्मेट घातलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कुन्नूरहून एक फोटो आला. पुढची मोठी काच, काचेबाहेर धुकं, आणि गोल बाजारचा स्वेटर घालून लहान मुलीसारख्या हसणाऱ्या रमाबाई. सोबत एक शब्दही नव्हता. सुनीतीनं चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या, आणि शेवटी फक्त 'छान' एवढं पाठवलं.

जुलैपर्यंत श्यामराव खणखणीत झाले. सुशील आठ दिवस येऊन राहिला. मला आधी सांगितलं असतंस तर तेव्हाच आलो असतो, तू एकटी तरी फिरून आली असतीस, असं तो सहज बोलून गेला. सुनीती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. शिशिरचे फोन दिवाळीपर्यंत अधूनमधून आले, मग फक्त सणाच्या शुभेच्छा.

पुढच्या फेब्रुवारीत ती सदर बाजारात श्यामरावांचं घड्याळ दुरुस्तीला देऊन निघाली होती, तेवढ्यात एका सराफाच्या पायरीवरून कुणीतरी हाक मारली. रमाबाई होत्या; गेल्या वर्षी शिशिरच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिला पाहिलं होतं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. शिशिरचं लग्न ठरलं होतं, एप्रिलात. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, राधिका, सांगलीची. "तिच्या घरी कोणाला हिंदी धड येतच नाही गं," त्या कौतुकानं म्हणाल्या, "आता हाच माझं मराठी सुधारतो."

शिशिर मागून आला. थोडा रोड झाला होता. त्यानं बाबांची चौकशी केली – सरळ, वाहत्या मराठीत, कुठंही न अडता. ते ऐकताना सुनीतीला आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तिनं अभिनंदन केलं. ते मनापासून केलं, निदान तसा प्रयत्न केला.

पावती राहिली म्हणून रमाबाई पुन्हा दुकानात गेल्या. दोघं पायरीशी उभे राहिले. स्कूटरी हॉर्न वाजवत अंगाला घासून जात होत्या.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुझं ऐकलं नसतं, थांबलो असतो... तर?"

काहीतरी हसण्यावारी नेता आलं असतं. तिनं नेलं नाही.

"तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"मग नको काहून म्हटलं?"

"घाबरली होती मी."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. त्याचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, पण तेवढ्यात रमाबाई पायऱ्या उतरल्या आणि त्यानं पुढं होऊन त्यांना हात दिला. लग्नाला यायचं हं, असं त्या दोनदा म्हणाल्या. सुनीती हो म्हणाली. ती जाणार नाही, हे शिशिरला कळलं असावं, कारण त्यानं आग्रह केला नाही. गर्दीत ते दोघं दिसेनासे होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

घरी आली तर श्यामराव दारापुढच्या ओट्यावर बसलेले. उशीर काहून झाला, त्यांनी विचारलं. ती त्यांच्या पायाशी खाली बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रांग, फोन, स्वेटर, कडुनिंब, आणि आजचं सदर बाजारातलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"माझ्यापायी झालं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मी नुसतं तुमचं नाव सांगितलं."

"मले विचारलं असतं तर मी जाय म्हटलं असतं, पोरी."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग गुडघ्यावर भार देत उठले. आतून त्यांचं डबे उघडून बघणं ऐकू आलं, साखरेचा आधी, मग चहापत्तीचा. थोड्या वेळानं ते दोन कप चहा घेऊन बाहेर आले.