आईचा आवाज आणि चाळीस हजार बदाम

खाडीत पडलेला आवाज परत कसा मिळवायचा?

हा प्रश्न उल्काने ‘उत्तरकट्टा’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर टाकला. तिची आई गुरूच्या एका चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्रात पाणबुडीतून गेली होती. तिथून वर्षभर संदेश येणार नव्हता. जाताना तिने एका चिमुकल्या यंत्रात उल्कासाठी गप्पा भरून ठेवल्या होत्या. बाबा म्हणाले होते, एक प्रत काढून ठेवू. “नाही! ते फक्त माझं आहे,” असं उल्काने ठणकावलं होतं. आणि आज ते यंत्र तिच्याच हातून सटकून खाडीत पडलं. ओहोटी होती म्हणून सापडलं तरी.

उत्तरं धडाधड आली. सगळ्यात वरच्या उत्तराला चाळीस हजार बदाम, म्हणजे पसंतीच्या खुणा, मिळाले होते: ‘तांदळात पुरा, मग चार्जिंगला लावा.’

उल्काने तांदळाचा डबा उघडला.

“थांब गं बये!” घरातला यंत्रमानव ठोंब्या आडवा आला. “हे लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलंय का?”

“चाळीस हजार लोक खोटं बोलतात?”

“खोटं नाही बोलत. त्यांना आवडलं, एवढंच बदाम सांगतो. विचार तर खरं.”

तिने विचारलं. एक म्हणाला, मित्राने केलं होतं. दुसरा म्हणाला, सगळे असंच करतात. तिसरा तिच्यावरच खेकसला. ठोंब्याने मागे मागे शोधत नेलं, तर शेकडो उत्तरं एकाच जुन्या उत्तराची नक्कल निघाली. शंभर तोंडं, माहिती एकाची, आणि तीही ऐकीव! मतं मोजून सत्य ठरत असतं, तर सूर्य आजही पृथ्वीभोवती फिरत असता.

“हे बघ, डॉक्टरांनी लिहिलंय!” उल्का म्हणाली.

“ते हृदयाचे डॉक्टर. यंत्राच्या बाबतीत त्यांचं मत म्हणजे शेजारच्या काकांचं मत.”

अगदी तळाशी एक उत्तर होतं. बदाम जेमतेम तीन. लिहिणाऱ्या नजमा काझी बोटींवरची भिजलेली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अभियंता होत्या. ठोंब्याने त्यांचं काम इतर ठिकाणीही तपासलं. त्यांनी आधी उलट विचारलं होतं: ‘पाणी खारं की गोडं? चालू करून पाहिलंस का?’

“खारं. एकदाच केलं चालू,” उल्काने रडवेली होऊन लिहिलं.

‘मग सगळं वाचेल अशी खात्री मी देणार नाही. बॅटरी काढ. ऊर्ध्वपातित पाण्याने (वाफ करून पुन्हा थंड केलेल्या, क्षार नसलेल्या पाण्याने) धू, नीट सुकव. तांदूळ पाणी ओढतील फार तर, मीठ आतच राहील आणि धातू खाईल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खाडीचं पाणी ताटलीत सुकवून बघ.’

उन्हात ताटली सुकली. वर पांढरा थर उरला. उल्काने तो बोटावर घेऊन चाटला. खारट!

“खात्री देणार नाही असं म्हणणारी ही एकटीच निघाली,” ती पुटपुटली.

“म्हणूनच तिचं ऐकायचं,” ठोंब्या म्हणाला. “आणि कारणासकट सांगितलं, तुला तपासूही दिलं.”

यंत्र धुतलं, सुकवलं. मग बाबांनी बॅटरी बसवली. खरखर झाली आणि आई बोलली, “उल्के, जेवलीस का गं? ऐक, मी परत येईन ना, तेव्हा आपण दोघी…”

पुढे नुसती खरखर.

“पुढचं मी आईच्याच आवाजात जुळवून देऊ?” ठोंब्याने हळूच विचारलं. “हुबेहूब वाटेल.”

“खबरदार!” उल्का ओरडली. “ते तुझं असेल, तिचं नसेल.”

“तुला तरी आठवतंय का, पुढे काय होतं?”

उल्काने डोळे मिटले. पोहायला जाऊ, असं होतं? की आजोळी? रोज ऐकूनही आता नक्की सांगता येईना.

“आठवल्यासारखं वाटतंय. पण खात्री नाही,” ती म्हणाली. “खरं सांगू शकेल असं माणूस एकच आहे.”

तिने बर्फाखालच्या त्या पाणबुडीच्या नावाने संदेश लिहिला. संपर्क सुरू झाला की तो सगळ्यांत आधी जाणार होता:

‘आई, आपण दोघी काय करणार होतो?’